तेहतीस नंबरची हजेरी

काम एका दुपारचं होतं. हे वाक्य देमेत्रिओ काल्सीनानं स्वतःच्या तोंडानं, संचालकबाईंच्या खोलीत, दोन साक्षीदारांसमोर उच्चारलं होतं, त्यामुळे आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. "जेवून बसलो तर चहाच्या आत उठतो बघा, डोन्या निनोस्का," असंही तो वर म्हणाला होता. माणसाची जीभ अशा वेळी जरा जास्तच सैल सुटते.

पण बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? डोन्या निनोस्कांनी समोर ठेवलेलं आमिषच तसं होतं. निवृत्त शिक्षक साहाय्यक संघात देमेत्रिओ अकरा वर्षं काम करत होता आणि अकराही वर्षं कंत्राटावर. दर तीन महिन्यांनी नवा कागद आणि कागदावर शेवटची तारीख. संघाच्या हजेरीपटावर, पगारपत्रकावर, नाताळच्या भेटीच्या टोपल्यांच्या यादीत, कुठं म्हणून कुठं त्याचं नाव नव्हतं. लोक त्याला "इंजिनियर" म्हणत, आणि तो इंजिनियरही नव्हता. आता नेटवर्क विभागाचे प्रमुख डॉन नेस्तोर इतुर्री फेब्रुवारीत, ऐन कार्निव्हालच्या मंगळवारी, वारले होते. त्यांची कायमची जागा रिकामी होती. "एकतीस ऑगस्टच्या आत नवे गेटवे नंबर वाटायला लागू देत, म्हणजे ती जागा तुमची," असं डोन्या निनोस्का म्हणाल्या. घरी बायकोनं, रोक्सानानं, त्याच रात्री आईला फोन करून सांगून टाकलं, की आमचं नाव लागतंय.

तर हे नंबर वाटणं म्हणजे काय, ते एकदा सांगितलेलं बरं, कारण सगळी भानगड त्यातच आहे. प्रत्येक कंप्युटर सकाळी उठला की अख्ख्या इमारतीला ओरडून विचारतो, "मी कोण?" मग कुणीतरी उत्तर द्यायचं असतं: "तू अमुक नंबर, आठ तास." मुदत अर्धी सरली की तो पुन्हा विचारतो, "अजून मीच ना?" या विचारपुशीला डीएचसीपी म्हणतात. आणि यात नियम एकच. जो आधी उत्तर देईल त्याचं खरं.

उत्तर द्यायला जे दोन गेटवे बसवायचे होते, एक कामाचा आणि एक राखीव, ते लोखंडाचे नव्हते. तळघरात कपाटाएवढी एक पेटी होती आणि तिच्या पोटात सगळं नेटवर्क नुसतं कल्पून ठेवलेलं होतं. गेटवे कल्पित, वायरी कल्पित, आणि जुलैत कंत्राटदाराची माणसं येऊन इमारतीतल्या जुन्या कंप्युटरांची नक्कल उतरवून घेऊन गेली तीही त्याच पेटीत. खरे कंप्युटर भंगारात गेले, टेबलांवर उरले नुसते पडदे. पडद्यावर सगळं दिसे. हात लावायचा म्हटलं तर लावायला काही नव्हतं.

आता संघातला नंबर म्हणजे काही साधासुधा आकडा नव्हता. डॉन नेस्तोरनी तीस वर्षांत तो ज्येष्ठतेनं वाटला होता. संचालकबाईंचा दोन. खजिनदारांचा तीन. कार्मिक विभागाचे डॉन आबुंदिओ यांचा सात, आणि सहाव्या नंबरवाले साहेब वारले तेव्हा सहा आपल्याला मिळावा म्हणून डॉन आबुंदिओंनी लेखी अर्ज केला होता, तो फेटाळला गेल्यापासून ते डॉन नेस्तोरशी बोलत नसत. हजेरीसुद्धा नंबरावरून लागे. ज्या नंबरचा कंप्युटर सकाळी जागा झाला तो माणूस हजर, इतका सोपा हिशोब. कंत्राटी माणसांना दोनशेच्या पुढचा कुठलाही, आज हा तर उद्या तो, आणि हजेरी नाहीच. स्वतः डॉन नेस्तोरनी नम्रपणानं की खवचटपणानं कोण जाणे, स्वतःला तेहतीस घेतला होता.

पहिली ठेच कागदावर लागली. गेटवेवर काही बदलायचं तर अर्ज हवा, आणि अर्जावर नेटवर्क विभागप्रमुखाची मंजुरी हवी.

"विभागप्रमुख वारलेत, डॉन आबुंदिओ," देमेत्रिओ म्हणाला.

"माझ्याकडे तसं काही आलेलं नाही," डॉन आबुंदिओ चष्म्यावरून म्हणाले.

"अहो, तुम्ही मर्तिकाला होतात! तिथला सुका भात खाऊन आलात!"

"मी खाल्लं, विभागानं नाही खाल्लं. मृत्यूचा दाखला तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथून खाली यायचाय. तुम्ही अर्ज टाका हो. बघू."

देमेत्रिओनं अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंजूर होऊन आला. वेळ आठ एकतीस. मंजूर करणार: विभागप्रमुख. देमेत्रिओला वाटलं, म्हातारा दिसतो तेवढा वाईट नाही, आपल्याच हातानं कळ दाबलीन. त्यानं जाऊन आभार मानले. डॉन आबुंदिओ म्हणाले, "कसले आभार? मी काल दुपारपासून दाताच्या डॉक्टरकडे होतो." देमेत्रिओनं यावर फार विचार केला नाही. सरळ झालेल्या कामाला उलटून बघू नये, असं त्याचं मत होतं.

दुसरी ठेच डोन्या आसुंता. डोन्या आसुंता संघाची झाडलोट करायच्या, चहा आणि माते, म्हणजे पाल्याचा काढा, द्यायच्या आणि त्यांच्या मते संघ चालवायच्या. आठ परकरांचा घेर सावरत त्या तळघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"इंजिनियर, ऑगस्ट लागलाय."

"माहीत आहे."

"ऑगस्टात पाचामामाचं, धरणीमातेचं, तोंड उघडं असतं. भुकेली असते ती. आणि तुम्ही नवीन काम काढलंय, एक थेंब दारू नाही, एक चिमूट कोकाचा पाला नाही. चाया केल्याशिवाय, तिचा वाटा तिला दिल्याशिवाय, मी माझी नवी केरसुणीसुद्धा वापरत नाही."

"डोन्या आसुंता, चाया करायचा कशावर? गेटवेला अंग नाही. तो नुसता कल्पिलेला आहे."

बाईंनी पेटीकडे बोट केलं. "अंग नाही, पण काम करतो?"

"हो."

"मग तो एकतर मेलेला असणार, नाहीतर जन्मायचा असणार. तुम्हाला ठाऊक आहे ना कुठला ते?"

हे ऐकून देमेत्रिओनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि दोष तळघराच्या थंडीला दिला. चाया मात्र पहिल्या शुक्रवारी झालाच. संघात तो दरवर्षी व्हायचा, यंदा पेटीचा मान. डोन्या आसुंतांनी पेटीवर रंगीत कागदी फिती गुंडाळल्या, कागदाचा चुरा उधळला, चार कोपऱ्यांत दारू शिंपडली. डोन्या निनोस्कांनी "आपल्या आभासी भवितव्याला" असं काहीतरी भाषण केलं. खजिनदार म्हणाले, थोडी मधोमध पण ओता, कंजूषपणा नको. आणि मधोमध होता पंखा.

पेटी खोकल्यासारखी दोनदा वाजली आणि गप्प झाली. इमारतीतला एकूण एक पडदा काळा पडला. वर पहिल्या मजल्यावर हयातीच्या दाखल्याला आलेली दोनशे म्हातारी माणसं रांगेत होती. ती एकदम बोलायची थांबली, आणि ती शांतता जिन्यावरून खाली उतरत आलेली तळघरात सगळ्यांना ऐकू आली. मग सगळ्यांनी देमेत्रिओकडे पाहिलं. बाटली खजिनदारांच्या हातात होती, पण पाहिलं देमेत्रिओकडे. कंत्राटी माणसाचा एवढा एक उपयोग असतो.

दोन तास तो रोक्सानाच्या केस वाळवायच्या यंत्रानं पेटी सुकवत बसला. ते यंत्र घेऊन रोक्साना मिनीबसनं स्वतः आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "केस नाहीत तुझ्या डोक्यावर म्हणून हे आता पेट्यांना वापरायचं का?" पेटी सुकली. उठली. आणि मंगळवारी देमेत्रिओनं देवाचं नाव घेऊन दोन्ही गेटवेंवर नंबर वाटायची सेवा सुरू केली.

त्याला वाटलं होतं, गोंधळ उडणार. गेटवेला काय कळतंय ज्येष्ठता? तो समोर येईल त्याला हाताला लागेल तो नंबर देणार. लोकांना कसं समजवायचं याची एक दीड पानाची पत्रिकाच त्यानं लिहून ठेवली होती. पण बुधवारी सकाळी संचालकबाई उठल्या त्या दोन नंबरानं. खजिनदार तीन. डॉन आबुंदिओ सात. चाळीसच्या चाळीस माणसांना ज्याचा त्याचा नंबर, मानाप्रमाणे, बिनचूक.

"काल्सीना, कमाल केलीत!" डोन्या निनोस्का जिन्यात सर्वांसमोर म्हणाल्या. "मला वाटलं होतं मला कुठला तरी एकशे सत्त्याऐंशी वगैरे येतो की काय."

दहा वाजता खजिनदारांनी स्वखर्चानं साल्तेन्या, आत रस भरलेल्या खमंग करंज्या, मागवल्या. लोक एका हातानं रस सांभाळत दुसऱ्या हातानं देमेत्रिओची पाठ थोपटत होते. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. तो लाजला, हसला, दोन साल्तेन्या खाल्ल्या, आणि मग खाली जाऊन आपल्या गेटवेनं आज कुणाकुणाला काय काय दिलं त्याची यादी प्रेमानं उघडली.

यादी कोरी होती.

कामाचा गेटवे: वाटलेले नंबर शून्य. राखीव गेटवे: शून्य. देमेत्रिओनं यादी बंद करून पुन्हा उघडली, जणू मधल्या वेळात तिला लाज वाटेल. शून्य. इमारतीत चाळीस कंप्युटरांनी सकाळी उठून "मी कोण?" विचारलं होतं आणि त्याच्या गेटवेंनी तोंड उघडायच्या आत दुसऱ्याच कुणीतरी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. दात कोरायची काडी त्याच्या तोंडातच राहिली.

कुणी उत्तर दिलं हे बघणं अवघड नसतं. नंबर घेतलेला कंप्युटर ते लिहून ठेवतो. देमेत्रिओनं सर्वांत जवळचा, चौकीदाराचा, उघडला. देणारा: तेहतीस. पहिल्या मजल्यावर यामिले नावाची मुलगी दाखल्याच्या खिडकीवर बसते, तिचा बघितला. तेहतीस. तो जिने चढत, प्रत्येक टेबलाशी वाकत, "जरा बघू हं, रूटीन आहे" म्हणत दुसऱ्या मजल्यावर पोचला, आणि तिथं कोपऱ्यात डॉन नेस्तोरचं टेबल होतं.

टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीवर त्यांनी ठेवलेली गादी होती. त्या खुर्चीत ते गेले म्हणून तिथं कुणी बसत नसे. कंप्युटर मात्र भंगारात गेलेला. टेबलाखाली तो असायचा तिथं धुळीत एक स्वच्छ चौकोन राहिला होता. देमेत्रिओ गुडघ्यावर बसून टेबलाखाली गेला. वायर कापलेली. तिच्या टोकाला बोट लावून पाहिलं. अर्थातच थंड.

"काही हरवलंय का, इंजिनियर?" वरून डोन्या आसुंतांचा आवाज आला. त्यानं टेबलाला डोकं आपटून घेतलं.

"डोन्या आसुंता, इथं कुणी येऊन बसतं का?"

"बसत नाही कुणी. पण मी सकाळी माते ठेवते. बिनसाखरेचा. सवय आहे हाताला." त्यांनी कप उचलला. तो रिकामा होता. "कुणी तरी पितंय म्हणून ठेवते," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. चौकीदार पीत असेल. देमेत्रिओनं स्वतःला हे दोनदा सांगितलं, आणि चौकीदार पीत असण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे.

उत्तर पेटीत सापडलं. पेटीत काय काय चालू आहे त्याची यादी लांबलचक होती, ती कुणी तळापर्यंत वाचत नसे. तळाशी लिहिलं होतं: "नेस्तोर इतुर्री. चालू." जुलैत कंत्राटदाराच्या माणसांनी सरसकट नकला उतरवल्या त्यात डॉन नेस्तोरचा कंप्युटरही उतरला होता. तीस वर्षं सगळ्यांचा समज होता की डॉन नेस्तोर मजल्यामजल्यावर फिरून हातानं नंबर घालतात. कुठलं काय! त्यांच्या टेबलाखालचा कंप्युटर वाटायचा. आता तो देह सोडून पेटीत आला होता, आणि जुन्या सवयीनं, गेटवेपेक्षा चपळाईनं, वाटतच होता.

"हात्तिच्या!" देमेत्रिओ मोठ्यानं म्हणाला. इतकं सुटल्यासारखं वाटलं त्याला, की तो हसलाही. भूत वगैरे काही नाही, नुसती एक नक्कल. त्यानं तिचा पडदा उघडला.

पडदा कुलूपबंद नव्हता. समोर डॉन नेस्तोरची यादी होती. ज्येष्ठतेनं चाळीस नावं, आणि तळाला एका रेघेखाली "येणारे-जाणारे". त्यात देमेत्रिओचं नाव होतं, पुढं मुदत: आठ तास. तो ते वाचत असतानाच बाण हलला. देमेत्रिओचा हात माउसवर नव्हता. बाण सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं यादीवरून खाली आला, "काल्सीना, देमेत्रिओ" या ओळीवर थांबला, आणि थांबूनच राहिला. कुणी नाव आठवायचा प्रयत्न करत असावं तसा.

मग पडद्याला आपोआप कुलूप लागलं. घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अकराला दहा कमी असताना डॉन नेस्तोर कोपऱ्यावर साल्तेनी खायला जात, तीस वर्षं, एकटे. सव्वाअकराला कुलूप उघडलं. देमेत्रिओ खुर्चीवरून हललेला नव्हता.

माणसाची नक्कल नव्हे, कंप्युटरची नक्कल, असं तो स्वतःला बजावत होता. सवयीच्या वेळा लावून ठेवलेल्या असतील, बाण म्हणजे पंख्यात गेलेल्या दारूचा परिणाम असेल. हे असंच आणखी आठ दिवस चाललं असतं, कारण आपलं काम दुसरा बिनबोभाट करतोय आणि शाबासकी आपल्याला मिळतेय ही स्थिती मोडायला कुठलाच शहाणा माणूस घाई करत नाही. पण डॉन आबुंदिओंचं बोलावणं आलं.

"जागा रिकामी नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डॉन नेस्तोर इतुर्री रोज हजर आहेत." त्यांनी पट पुढं सरकवला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, आजपर्यंत. रोज आठ अठ्ठावीस. एकही खाडा नाही, एकही उशीर नाही. "या पटावरची चाळीस माणसं बघा. इतका नियमित दुसरा कुणी नाही. अशा माणसाची जागा मी रिकामी कशी दाखवू?"

"ते मेलेत हो! मृत्यूचा दाखला..."

"तो आला काल. मी परत पाठवला. हजेरीशी जुळत नाही."

म्हणजे पेच असा पडला. डॉन नेस्तोर चालू राहिले तर नंबर नीट वाटले जाणार, संचालकबाई खूश, पण जागा नाही. डॉन नेस्तोर बंद केले तर जागा रिकामी, पण मग गेटवेला स्वतः काम करायला लागणार आणि डोन्या निनोस्कांना एकशे सत्त्याऐंशी येणार. देमेत्रिओनं रात्री हे रोक्सानाला समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मेलेल्या माणसाला बंद करायला तुला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "अकरा वर्षं मी शेजारणींना सांगतेय की होतंय, होतंय. तो म्हातारा जिवंत असताना तुला बसायला खुर्ची दिली नाही त्यानं. आता तरी उठू दे म्हणावं."

गुरुवारी दुपारी, लख्ख ऊन असताना, तळघराचं दार उघडं टाकून देमेत्रिओनं बंद करायची कळ दाबली. पडद्यावर सूचना आली: "दुसरी व्यक्ती काम करत आहे. बंद केल्यास तिचं काम नष्ट होईल. तरी बंद करायचं?"

ही सूचना सगळ्याच कंप्युटरांवर येते. त्याला माहीत होतं. त्यानंच लोकांना शेकडो वेळा सांगितलं होतं, "द्या हो, काही होत नाही." तरी त्याचं बोट उचलेना. "डॉन नेस्तोर," तो हळूच म्हणाला, "परवानगी द्या. माझंही वय एकोणपन्नास झालं. मला एकदा कुठंतरी कायम व्हायचंय." त्यानं "हो" दाबलं, आणि दाबताना त्याला रडू आलं, त्याचं त्यालाही नवल वाटलं. यादीत लिहून आलं: "नेस्तोर इतुर्री. बंद."

शुक्रवारी गेटवेनं पहिल्यांदा स्वतःच्या अकलेनं नंबर वाटले. चौकीदाराला दोन आला. डोन्या निनोस्कांना एकशे सत्त्याऐंशी. बरोब्बर एकशे सत्त्याऐंशी, हे विशेष. खजिनदारांची हजेरी तिसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्स यंत्राच्या नावावर पडली, आणि झेरॉक्स यंत्र अर्ध्या दिवसाच्या रजेवर दिसू लागलं. डॉन आबुंदिओंना मात्र सहा आला. ते इतके हेलावले की त्यांनी दार लावून घेतलं. देमेत्रिओची दीड पानी पत्रिका कुणी वाचली नाही. "माझी तीस वर्षांची सेवा आणि मला झाडूवालीच्या मागचा नंबर?" असं जो तो येऊन विचारत होता. "मी चांगली नवव्या नंबरावर आहे," डोन्या आसुंतांनी कळवलं. त्यांच्याकडे कंप्युटर नव्हता. देमेत्रिओनं त्याचाही शोध घेतला नाही. कुणाकुणाला विचारणार?

पण जागा रिकामी झाली. एकतीस तारखेला, सोमवारी, डॉन आबुंदिओंनी नेमणुकीचा आदेश तयार ठेवला होता. देमेत्रिओ नवा कोट घालून आला, दुसऱ्या मजल्यावर गेला, गादी बाजूला ठेवली आणि त्या खुर्चीत बसला. नवीन कोरा कंप्युटर त्यानं धुळीतल्या चौकोनावर ठेवला होता. सुरू केला. कंप्युटरनं विचारलं, मी कोण? गेटवेनं उत्तर दिलं. गेटवेकडे दोनशेहून जास्त नंबर मोकळे पडले होते.

तेहतीस.

त्यानं तो परत केला, पुन्हा मागितला. तेहतीस. गेटवेला बजावलं, हा नंबर कुणाला द्यायचाच नाही. गेटवेनं "ठीक" म्हटलं आणि तेहतीस दिला. कामाचा गेटवे झोपवला, राखीव उठवला. राखीव नवा होता, त्याला कशाची काही माहिती नव्हती. त्यानंही तेहतीस दिला. देमेत्रिओनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ अठ्ठावीस. तो नेहमी नऊला येई.

तेवढ्यात फोन वाजला. डॉन आबुंदिओ. "काल्सीना, आदेश थांबवावा लागतोय. डॉन नेस्तोर आलेत."

"अहो, तो मी आहे! तेहतीसवर मी बसलोय!"

"तुम्ही म्हणता तुम्ही आहात, पट म्हणतो ते आहेत. मी कुणाची बाजू घेत नाही. दोघांपैकी जो जिवंत असेल त्यानं हयातीचा दाखला आणावा. खाली खिडकी चालू आहे."

देमेत्रिओ पहिल्या मजल्यावर रांगेत उभा राहिला. पुढं मागं शाली गुंडाळलेल्या निवृत्त मास्तरणी, मास्तर. मागची म्हातारी म्हणाली, "फार थंड हात आहेत हो तुमचे," कारण रांग सरकताना तिनं त्याचा आधार घेतला होता. दीड तासानं खिडकी आली.

"अंगठा," यामिले मान वर न करता म्हणाली.

त्यानं अंगठा ठेवला. यंत्र विचार करत राहिलं. कंत्राटी माणसांचे ठसे संघाच्या यादीत कधी घेतलेच नव्हते, त्यामुळे तो तिथं सापडणं शक्य नव्हतं. "सापडला नाही" असं येईल, मग आपण वर जाऊन भांडू, अशी त्यानं मनाशी जुळणी केली. यंत्र हिरवं झालं.

"आलं," यामिले म्हणाली. "इतुर्री, नेस्तोर. जिवंत." आणि तिनं शिक्का मारला.

"सेन्योरिता, यामिले, अगं माझ्याकडे बघ! मी देमेत्रिओ. तुझा प्रिंटर कोण दुरुस्त करतं?"

तिनं बघितलं. क्षणभर तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती पडद्याकडे वळली, आणि पडद्यावर विश्वास ठेवणं हेच तिचं काम होतं. "पडद्यावर जे येतं त्याचाच दाखला मिळतो, डॉन नेस्तोर. तक्रार असली तर गुरुवारी, चौथ्या मजल्यावर. मागं साठ माणसं आहेत. पुढचे या."

देमेत्रिओ कागद घेऊन बाजूला झाला. तक्रारच करायची होती त्याला, गुरुवार तर गुरुवार. कागदावर काय काय चुकलंय ते बघायला त्यानं चष्मा लावला. नाव चुकलेलं होतं. जन्मतारीख चुकलेली होती. पद: विभागप्रमुख. त्याच्या खाली मुदतीचा रकाना होता. अकरा वर्षांत त्याच्या हाती आलेल्या प्रत्येक कागदावर त्या रकान्यात एक तारीख असे, आणि ती बघूनच तो कागदाची घडी घालत असे. या रकान्यात एकच शब्द होता: "कायम."

तो शब्द त्यानं तीनदा वाचला. म्हातारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. खिशातला फोन वाजायला लागला. रोक्साना.

"झालं का रे?" ती घाईघाईनं म्हणाली. मागं तिच्या आईचा आणि दोघी शेजारणींचा आवाज येत होता. "सांग ना लवकर! लागलं का एकदाचं नाव?"

देमेत्रिओनं कागद चुरगळणार नाही अशी बेतानं त्याची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. घसा खाकरला. तरी आवाज जरा म्हाताराच निघाला.

"लागलं," तो म्हणाला.